भरलेलं पान कटिंगला

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते पौडच्या एसटी स्टँडसमोरच्या टेलर मास्तरांचे. आईवडिलांचं सोडून देतो, त्यांचं कुणाशी मोजमाप करायचं नसतं. पण घराच्या उंबऱ्याबाहेर पहिलं नाव घ्यायचं, तर ते मास्तरांचंच. त्यांचं पाळण्यातलं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. आमच्या गावचे शेतकरी, तहसील कचेरीतले कारकून, मशिदीतले मौलवी, एसटीचे कंडक्टर, सगळ्यांचे ते मास्तर. स्वतः शाळेत गेले होते सातवीपर्यंत.

दुकान म्हणजे पत्र्याखालची दहा बाय बाराची खोली. शिलाईची दोन यंत्रं, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला ओळीनं ठोकलेले खिळे. त्या खिळ्यांवर वर्तमानपत्राचे कापलेले कागद लटकत असायचे. गिऱ्हाइकाच्या मापाचा ब्लाउज आधी कागदावर काढायचा, कागद कापायचा आणि तो कापडावर ठेवून मग कापड कापायचं, ही त्यांची पद्धत. त्याला ते कटिंग म्हणत. गळा, बाही, बाही जिथे जोडतात तो मुंढा, पाठ, सगळं कागदात. एकदा काढलेलं कटिंग वर्षानुवर्षं खिळ्याला राहायचं. बाई बऱ्याच दिवसांनी आली की मास्तर तिच्याकडे एक नजर टाकून म्हणायचे, "जुनं चालंल का एक इंच वाढवू?"

माझी आई त्यांच्यासाठी घरी हातशिलाई करायची. आमचं गाव पौडपासून चारेक किलोमीटर आत. आई शाळेत गेलेली नाही, पण टेपवरचे आकडे तिला बरोबर कळतात. हुक लावणं, काजं करणं, कडेला दुमडून टाके घालणं, हे तिचं काम. तयार झालेलं गाठोडं रविवारी सकाळी सायकलवरून पोचवायचं, हे माझं. मास्तरांचं दुकान शुक्रवारी दुपारी बंद आणि रविवारी उघडं असायचं. मी अकरावीत होतो.

गाठोडं दिलं की मास्तर एकेक ब्लाउज घेऊन आधी उलटा करायचे. सुलट बाजू ते शेवटी बघत. आतल्या बाजूनं टाक्यांवरून अंगठा फिरवायचे, डोळे दुसरीकडेच असायचे. टाका कुठे सैल झाला असेल, तर अंगठा तिथे थांबायचा. नसेल तर म्हणायचे, "बरं हाय." याहून मोठं कौतुक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आई घरी वाट बघत असायची. "काय म्हनलं मास्तर?" मी सांगायचो, "बरं हाय म्हनलं." मग ती दिवसभर खूश.

इस्त्रीच्या टेबलावर रविवारची पुरवणी अंथरलेली असायची, वर लोखंडी पट्टी ठेवून. त्यात शब्दकोडं. मास्तर पाय यंत्रावर मारता मारता सूचना मोठ्यानं वाचायचे आणि दुकानात असेल त्याला विचारायचे. बहुतेक लोक हसून विषय बदलत. मी पहिल्याच दिवशी अडकलो.

"जंगलचा राजा. दोन अक्षरी. हाय का कुनाला ठावं?"

"सिंह," मी म्हणालो. पेन टेबलावरच होतं. मी ते उचललं आणि दोन्ही चौकोनांत ठसठशीत लिहूनही टाकलं.

मास्तरांनी यंत्र थांबवलं, चष्मा वर केला आणि कोड्याकडे बघितलं. "उभं बघितलंस? पहिल्या घरात 'वा' येतोय. वाघ हाय त्यो."

"पण मास्तर, राजा तर सिंह असतो."

"आसंल तिकडं. हितं वाघ हाय. आता ह्या तुझ्या सिंहाचं काय करू? पट्टं मारू का अंगावर?"

दुकानातले दोघे-तिघे खो खो हसले. मास्तरांनी पेन माझ्या हातातून काढून खिशाला लावलं आणि खडूच्या डब्यातून शिसपेन्सिलीचा बोटभर तुकडा काढून दिला. "आडवं माप घ्यायचं, उभं माप घ्यायचं. दोन्ही जुळली की मग कातर. तवर ह्याच्यानं लिही."

पुढची पाच-सहा वर्षं मी त्या दुकानात पेन्सिलवालाच राहिलो. मी पेन्सिलीनं लिहायचो, मास्तर तपासून त्यावर पेन फिरवायचे. आलं नाही ते घर रिकामं ठेवायचे. कुणाला फोन करून विचारायचं नाही, पुढच्या रविवारी उत्तरं छापून येईपर्यंत थांबायचं. कोडं पूर्ण भरलं की मात्र ते पान सोमवारी कटिंगला जायचं. अपुरं राहिलेलं पान कधीच कापायचे नाहीत, ते इस्त्रीच्या टेबलाखाली घडी करून ठेवलेलं असायचं. दुकानात कामाला येणाऱ्या आणि आईसारखं घरी काम करणाऱ्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. भरलेलं पान कटिंगला, रिकामी घरं असलेल्याला हात लावायचा नाही. त्यामुळे खिळ्यांवरच्या कागदांवर आमची कोडी दिसायची. कुणाच्या बाहीवर आडवे शब्द, कुणाच्या पाठीवर उभे. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आमच्या कोड्यांवरून बेतलेले आहेत, असं मी कॉलेजात सांगायचो, तर कुणाचा विश्वास बसायचा नाही.

बारावीनंतर मी पुण्याला बी.एस्सी.ला गेलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. तोपर्यंतचं सगळं शिक्षण पौडला मराठीत. तिथे तास इंग्रजीत. सर बोलायचे, फळा भरायचा, पुसला जायचा, आणि मी वहीत फक्त तारीख लिहून बसलेलो असायचो. पहिल्या चाचणीचा कागद मी जवळजवळ कोरा दिला. तेव्हा घोटावड्याच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला पोरं घेत होते. गावातली दोघं लागली होती. मी ठरवून टाकलं आणि रविवारी गाठोडं घेऊन गेलो तेव्हा मास्तरांना सांगितलं.

"मास्तर, कालेज सोडतोय. घोटावड्याला कंपनीत लागतो."

मास्तरांनी मान वर केली नाही. "धीर नसलेला. चार अक्षरी."

"मास्तर, मी काय म्हणतोय..."

"मी बी त्येच म्हणतोय. धीर नसलेला, चार अक्षरी. दुसरं अक्षर 'ता' हाय."

मला रडू येत होतं तरी शब्द सुचलाच. "उतावळा."

"व्हय, त्योच तू. लिही." मग यंत्र थांबवून ते माझ्याकडे वळले. "एक घर आलं न्हाई म्हणून पान फाडतोस का तू?"

"एक घर न्हाई मास्तर. समदंच अडलंय. इंग्रजीत हाय समदं."

"मग मराठीतनं घूस. आडवं येत न्हाई तर उभ्याकडनं यायचं. उद्यापास्नं पुस्तक घिऊन ये."

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजहून येणारी एसटी पौडला सहाच्या सुमारास सोडायची तेव्हा मी दुकानात जायचो. मास्तर इस्त्री करायचे आणि मी पुस्तकातलं एक पान त्यांना मराठीत सांगायचो. शब्दकोश जवळ ठेवून आधी बसमध्ये तयारी करावी लागायची, कारण मास्तर शंका काढायचे. "थांब थांब. ह्ये जे उष्णता वाहून नेणं म्हंतोयस, म्हणून ह्या इस्त्रीच्या मुठीला लाकूड लावलंय व्हय?" मी म्हटलं, हो. "मग लाकूड वाहून नेत न्हाई?" लाकूड नेतं, पण फार थोडी. "आसं सांग की मग! पुस्तकवाल्याला इस्त्री दाखवाय पायजे व्हती." मला समजलेलं नसायचं तेव्हा त्यांनाही समजायचं नाही, आणि ते सरळ म्हणायचे, "न्हाई कळलं. उद्या परत ह्येच पान." वार्षिक परीक्षेत उष्णतेवर प्रश्न आला. मी इस्त्रीच्या मुठीचं उदाहरण लिहिलं, इंग्रजीत. मला चांगले गुण मिळाले.

अशी तीन वर्षं गेली. ईद आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत मास्तरांना मान वर करायला फुरसत नसायची. स्वतःच्या कुर्त्याची बटणं ते ईदच्या दिवशी सकाळी लावत बसलेले मी पाहिलेत. त्या दिवसांतही माझं रोजचं पान चुकलं नाही. पदवीचा निकाल लागला त्या रविवारी मी पेढे घेऊन गेलो. मास्तरांनी पेढा खाल्ला, हात पुसले, खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "एक शब्द. आज येकच." मी एक शब्द पेनानं लिहिला. तो कुठला होता ते आता आठवत नाही, पण लिहिण्याआधी उभं माप दोनदा घेतलं होतं ते आठवतंय.

सात वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला स्टँडसमोरची दुकानांची ओळ गेली. मास्तरांचं तोवर वय झालं होतं. वाईजवळच्या एका गावात त्यांची मुलगी राहते, तिच्याकडे जायचं त्यांनी ठरवलं. शेवटच्या दिवशी सामान बांधायला मी आणि आई गेलो होतो. आईला त्यांनी आपली छोटी कातर दिली. "ताई, धार लावून ठिवलीय. कागदाला न्हाई, कापडालाच वापरा," असं म्हणाले आणि लगेच स्वतःच हसले, कारण त्याच कातरीनं त्यांनी आयुष्यभर कागद कापले होते.

मी म्हणालो, "मास्तर, मी पत्र लिहीत जाईन."

"काय लिहिणार? हितं समदं खुशाल, तुमची खुशाली कळवा? नगं. मला काय पोस्टमनला दमवायचा न्हाई." मग म्हणाले, "रविवारचं अख्खं कोडं येकट्यानं सोडव. पेनानं. येक बी खाडाखोड न्हाई. ज्या दिशी जमंल त्या दिशी त्ये पान पाठव, आन त्याच्यासंगं पत्र लिही. तवर न्हाई."

सात वर्षांत मला ते जमलं नाही. हे लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे. मी आता हिंजवडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. दुसऱ्यानं तयार केलेली गोष्ट कुठे उसवते ते शोधायचं. रोज गाडीवर घोटावड्यावरून जातो-येतो, नोकरी चांगली आहे, घरावर स्लॅब पडला. पण दर रविवारी कोड्यात कुठे ना कुठे घोडं अडायचं. कधी दोन घरं रिकामी राहायची, कधी घाईत लिहिलेला शब्द खोडावा लागायचा. ऑफिसातला एक मित्र म्हणायचा, "अरे, फोटो काढून मोबाइलला विचार, दोन सेकंदांत देतो." त्याचं बरोबर आहे, देतो. पण मग ते पान मला वाईला पाठवता आलं नसतं.

या वर्षी उन्हाळ्यात मास्तरांच्या मुलीचा फोन आला. मास्तरांना ऐकू फार कमी येतं, त्यामुळे फोनवर आमचं बोलणं "कोण? कोण?" याच्यापुढे जात नाही. मुलगीच बोलते. ती म्हणाली, "अब्बांचा एक डोळा गेलाय. दुसऱ्यानं भिंग घेऊन वाचतात. डॉक्टर म्हणाले, तोही किती दिवस साथ देईल सांगता येत नाही." मग म्हणाली, "परवा विचारत होते, पेन्सिलवाल्याचं काय झालं म्हणून."

त्यानंतरचा प्रत्येक रविवार मला परीक्षेसारखा वाटायला लागला.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी पुरवणी उघडली तर कोड्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, "उलटसुलट विशेष." खाली नियम. प्रत्येक आडवा शब्द डावीकडून वाचला तर एक शब्द होतो आणि उजवीकडून वाचला तर दुसरा. दोन्ही शब्दांच्या सूचना दिलेल्या. पण त्यातला कुठला शब्द सुलट लिहायचा, ते सांगितलेलं नाही. ते उभ्या शब्दांवरून ठरवायचं.

मी ते वाचून हसलो. मास्तर असते तर म्हणाले असते, उलटं करून बघायचं व्हय? त्ये तर आमी रोज करतोय.

ओसरीवर खाट टाकून बसलो. पेन्सिल मुद्दामच आत ठेवली. पहिल्या आडव्या शब्दाची सूचना होती, "शिऱ्याला लागतो, आठवड्यात सात." रवा आणि वार. दोन्ही शब्द क्षणात सुचले, पण पेन टेकवलं नाही. उभी सूचना बघितली, दुसरीही बघितली, मग लिहिलं. "समईतली, चुलीवरचा." वात आणि तवा. "अंगणात घालतात, कानाशी गुणगुणतो." सडा आणि डास. प्रत्येक वेळी शब्द आधीच मिळायचे आणि तरी थांबावं लागायचं. ज्याला शब्द येतात त्यालाच चुकवायला हे कोडं बनवलेलं होतं.

मग आलं, "घड्याळातला, शिंप्याचा." काटा आणि टाका. मास्तरांच्या आठवणीनं पेन आपोआप 'टाका' लिहायला निघालं. निब कागदाला टेकायच्या आत मी हात वर घेतला. खालून वर तपासलं. दुसऱ्या घरातून एक उभा शब्द जात होता, "वड्यात असतो, तीन अक्षरी." बटाटा, आणि मधलं अक्षर 'टा'. म्हणजे सुलट शब्द काटा. मी पेन झाकण लावून खाली ठेवलं, उठून पाणी प्यायलो आणि मग येऊन लिहिलं.

"धनी, इस्लाममधलं श्रद्धावचन." धनी म्हणजे मालक, हे कळलं. उलट वाचलं तर कलमा. हा शब्द मला मास्तरांच्या दुकानात कळलेला. त्यांचा नातू लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून तो म्हणायला शिकत होता आणि मी इस्त्रीच्या टेबलाशी माझं पान तयार करत होतो. शब्दकोशात शोधावा लागला नाही.

दुपार व्हायला आली तेव्हा खालचा डावा कोपरा तेवढा उरला होता. सूचना होती, "भाताच्या रोपांसाठी पेरणीआधी भाजतात, वाईट नव्हे असा." मी ती दोनदा वाचली. आमच्या भागात पावसाच्या आधी पालापाचोळा, शेण आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचा कवळ पसरून जमीन भाजतात आणि तिथे भाताचं बी टाकतात. त्याला राब म्हणतात. माझ्या वडिलांनी आयुष्यभर राब भाजला, दरवर्षी त्या धुरात आम्ही डोळे चोळत उभे राहिलो. उलट वाचलं की बरा. ज्या शब्दाला कॉलेजात कुणी ओळखणार नाही असं मला वाटायचं, तो रविवारच्या पेपरात चौकोनात बसायला माझी वाट बघत होता.

मी आत ओरडून सांगितलं, "आये, पेपरात राब विचारलाय!"

आई आता स्वतःची गिऱ्हाइकं घेते; ती शिलाईच्या यंत्रावर होती. "काय?"

"राब. आपन भाजतो त्यो राब."

"ह्ये बी इचारत्यात व्हय पेपरात? मंग मला बसवा की परीक्षेला."

तरीही मी उभं माप घेतलं. पहिल्या घरात संपणारा एक उभा शब्द होता, "घरभर पडलेला, आवरायचा राहिलेला." पसारा, आणि शेवटचं अक्षर 'रा'. म्हणजे सुलट शब्द राबच. लिहिला. मग पान हातात धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं. एकही घर रिकामं नाही, एकही अक्षर खोडलेलं नाही. सात वर्षांनी.

पान घडी करावंसं वाटेना. ते सरळ मावेल असं मोठं पाकीट घ्यायला मी पौडला गेलो. पान खाटेवर, वर आईची लोखंडी पट्टी ठेवून. स्टेशनरीच्या दुकानात पाकीट मिळालं, एक पुठ्ठाही घेतला. येताना मास्तरांच्या दुकानाची जागा लागली. तिथे आता रस्ता आहे. गाडी हळू केली आणि पुढे निघालो.

घरी आलो तर खाट रिकामी. आई ओसरीवर बसलेली, समोर जांभळं ब्लाउजपीस अंथरलेलं, त्यावर कागदी कटिंग आणि हातात मास्तरांची कातर. कटिंग कशाचं आहे ते मला पाहताक्षणी कळलं. पाठीचा भाग होता. पाठीच्या मधोमध माझं कोडं. पान फिरवून ठेवल्यामुळे मुंढ्याच्या गोलाईत कोड्याचा खालचा डावा कोपरा गेलेला.

"आये! काय केलंस ह्ये!"

ती दचकली. मी तिच्यावर इतक्या मोठ्यानं कधी ओरडलेलो नाही. ती कागदाकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. "काय झालं?"

"ह्ये पान मास्तरांना पाठवायचं व्हतं. सात वर्सं झाली म्हणून..."

आईनं कातर खाली ठेवली. "आरं, मी बघितलं की. समदी घरं भरल्याली व्हती. येक येक बघितलं मी, बोट लावून. मास्तरांचं भरलेलं पान कटिंगलाच जातं. येक जरी घर रिकामं आसतं तर मी हात लावला नसता."

मी खाटेवर बसलो. तिला वाचता येत नाही. ती चौकोन मोजत बसली होती, एकेक बोट लावून, रिकामा सापडतो का बघत. सापडला नाही म्हणून तिनं कातर उचलली. माझं कोडं पूर्ण झालंय हे जगात सर्वांत आधी तिनं तपासलं होतं आणि मास्तरांनी शिकवलेल्या नियमानं तपासलं होतं. मी तिच्यावर ओरडलो याची मला फार लाज वाटली.

"दुसरा पेपर आण की पौडातनं," ती हळूच म्हणाली. "आन् उतरव त्यात."

"न्हाई. उतरवलेलं चालायचं न्हाई. मास्तरांना कळंल."

"त्ये खरं हाय. कळंल." तिनं मान हलवली. मग कतरणांच्या टोपलीत हात घातला. जांभळे, हिरवे तुकडे बाजूला करत तिनं तळाशी गेलेला कागदाचा लहानसा तुकडा काढला. त्यावर कोड्याचा कोपरा होता. राब दोन्ही अक्षरांसकट शाबूत.

"आण हिकडं त्यो कागद," आई म्हणाली. चष्मा पुसला, सुईत पांढरा दोरा ओवला. कागद फाटू नये म्हणून मागून जुन्या मलमलीची एक चिंचोळी पट्टी लावली आणि टाके घालायला घेतले, अगदी बारीक, एकसारखे, ब्लाउजच्या कडेला घालते तसे. मी पुठ्ठा धरून समोर बसलो. एकदाही कागद फाटला नाही. झाल्यावर तिनं पान उलटं केलं, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्या हातात दिलं.

"बघ. बरं हाय का?"

मी म्हटलं, "बरं हाय."

शेजारच्या काकूंचा तो जांभळा ब्लाउज आईनं दुसऱ्या कागदावर बेतला. मी संध्याकाळी पत्र लिहिलं आणि सोमवारी कामावर जाताना पौडच्या पोस्टात टाकलं. ते असं होतं.

आदरणीय मास्तर,

सलाम. तुम्ही सांगितलं होतं तसं, आधी पान सोबत जोडलं आणि मग पत्र लिहायला बसलो. रविवारचं अख्खं कोडं आहे. एकट्यानं सोडवलं, पेनानं, खाडाखोड एकही नाही. फोनला विचारलं नाही, शब्दकोश उघडला नाही. हे वेळेत झालं नाही याची माफी मागतो.

पान तुम्हाला ब्लाउजच्या पाठीच्या आकाराचं मिळेल. चकित होऊ नका. घरं सगळी भरलेली दिसली म्हणून आईनं तुमच्या नियमानं ते कटिंगला घेतलं. माप छत्तीसचं आहे, शेजारच्या काकूंचं. मुंढ्यात कापला गेलेला कोपरा आईनं हातानं जोडलाय. कातर तुमचीच होती, धार अजून चांगली आहे.

काटा आडवा आहे, टाका उलट वाचल्यावर येतो. मी आधी टाकाच लिहिणार होतो, पण उभं माप घेतलं. कलमा मला तुमच्या दुकानात मिळाला आणि राब आमच्या शेतात, तेव्हा या कोड्यात दुसऱ्या कुणाची मदत घेतली असेल तर ती एवढीच. ती चालत असेल असं धरून चालतो.

मी पदवीधर झालो त्या दिवशी तुम्ही मला एका शब्दापुरतं पेन दिलं होतं. त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले, कारण तुम्ही लगेच पुढची सूचना वाचायला घेतलीत. आज मानतो. तुम्ही पुस्तकातलं पान रोज ऐकून घेतलं नसतं, तर मी आज घोटावड्यावरून पुढे हिंजवडीला गेलो नसतो, तिथेच थांबलो असतो. थांबलेल्यांना मी कमी लेखत नाही, पण मला पुढे जायचं होतं हे माझ्याआधी तुम्हाला कळलं होतं.

अक्षर मी मोठं काढलंय, भिंगाखाली वाचता यावं म्हणून. तरी त्रास होत असेल तर ताईंकडून वाचून घ्या. कोड्याची अक्षरं नाही दिसली तरी हरकत नाही. पान उलटं करा आणि जोडलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवून बघा. टाके आईचे आहेत. कुठे सैल असतील तर कळवा, ती वाट बघतेय.